दुसऱ्या गावी टीमसोबत मॅचला जाताय? या चुका टाळा

डिसेंबरातली दुपार. तालुक्याच्या गावी फुटबॉलची सेमीफायनल, शून्य-शून्य, पाच-सात मिनिटं उरलेली. आमचा स्ट्रायकर बॉल घेऊन त्यांच्या पेनल्टी बॉक्समध्ये शिरला. पुढे एकटा गोलकीपर. तेवढ्यात गोलच्या मागून शिटी वाजली अन् सगळे थबकले, आमचा पोट्टाही थबकला. शिटी रेफरीची नव्हती. आमच्याच गाडीतून आलेल्या एका पोराने जोशात वाजवली होती. रेफरीने खेळ थांबवला आणि ड्रॉप बॉल, म्हणजे रेफरीने हातातून खाली सोडलेला बॉल, त्यांच्या गोलकीपरला दिला. पुढे टायब्रेकरमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी किकमध्ये, आम्ही हरलो.

आमची माणसं रेफरीच्या अंगावर धावली, पण नियम त्याच्या बाजूने होता. प्रेक्षकाच्या शिटीने खेळात अडथळा आला असं रेफरीला वाटलं, तर त्याने खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यायचा असतो. बॉल त्या वेळी पेनल्टी बॉक्समध्ये असेल, तर तो बचाव करणाऱ्या संघाच्या गोलकीपरलाच मिळतो. म्हणजे गोल होण्याआधीच आपण आपल्या हाताने तो घालवला. तेव्हापासून आमच्या गाडीत शिटी येत नाही. डफडं आणा, ताशा आणा, घसा बसेपर्यंत ओरडा, पण शिटी घरी ठेवा. लहान लेकरांचे खिसेसुद्धा तपासा.

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावची टीम हिंगणघाट, वरोरा, कधी कामठीपर्यंत खेळायला जाते आणि मी बरीच वर्षं सोबत जातो. सपोर्टरच्या चुका मैदानावरचे अकरा पोट्टे भोगतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून हे लिहितो.

गाडी ठरवताना

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. माणसं तीस झाली की कोणीतरी म्हणतं, "आपला छोटा हत्ती आहे न बाप्पा, डिझेल टाकू अन् जाऊ." मालवाहू गाडीत माणसं भरणं कायद्याने चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर सक्तीची नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. गाडी उलटली तर दवाखान्याचा खर्च गाडीमालकाच्या अंगावर येतो, आणि गाडीमालक म्हणजे आपल्याच गावचा, दोन एकरवाला शेतकरी. एका मॅचपायी त्याचं वावर विकायला लावायचं का?

माणसं चाळीसच्या वर असतील तर एसटी प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने, मिळते. आगारात आधी जाऊन अर्ज द्यावा लागतो, अनामत भरावी लागते. आदल्या दिवशी संध्याकाळी गेलात तर गाडी मिळेलच असं नाही. म्हणून मॅचची तारीख कळली की लगेच एकाला आगारात पाठवा. माणसं कमी असतील तर साधी एसटी बरी. पंचाहत्तरच्या वरच्यांना तिकीट फुकट आहे, आणि मार्च २०२३ पासून बायांना अर्धं. आमच्याकडे आता खेळाडूंच्या आया आणि आज्या येतात, त्या यामुळेच. त्या आल्या की पोरांच्या तोंडच्या शिव्या आपोआप कमी होतात, हाही फायदा.

कामठीला जायचं असेल तर वर्धा रोडने येऊन गाडी घेऊन नागपूर शहर पार करू नका, मॅचची पहिली हाफ रस्त्यातच जाते. खापरीला मेट्रो धरा, ऑटोमोटिव्ह चौकात उतरा, तिथून कामठीसाठी ऑटो करा. आणि जाताना एक ध्यानात ठेवा. कामठी ही १८२१ पासूनची लष्करी छावणी आहे, फुटबॉल तिथल्या गल्लीगल्लीत खेळला जातो. तिथला प्रेक्षक खेळ जाणतो. उगाच आरडाओरडा केला तर तो हसतो, चांगला पास दिला तर तुमच्या पोट्ट्यालाही टाळी देतो. मला कामठीला जायला आवडतं ते त्या टाळीसाठी.

वेळेचा हिशेब चुकतो

पत्रिकेवर दोन वाजता लिहिलं असलं तरी गावच्या मैदानावर मॅच तीनला सुरू होते. पाहुणे येतात, नारळ फुटतो, सत्कार होतात. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, बॉल दिसेनासा होतो आणि आयोजक जादा वेळ न खेळवता थेट टायब्रेकर घेतात. त्यावरून दरवर्षी भांडण होतं. यावर उपाय मॅचच्या आधी आहे, नंतर नाही. हाफ किती मिनिटांची, बरोबरी झाली तर काय, अंधार पडला तर काय, हे टीमच्या मॅनेजरने आयोजकांना नाणेफेकीच्या आधी विचारावं आणि आपल्या सपोर्टरना येऊन सांगावं. टीव्हीवर पाहिलेला दुसऱ्याच्या मैदानावरच्या गोलचा नियम (बरोबरी झाली तर बाहेर मारलेले गोल जास्त धरायचे) तिथे काढू नका. युरोपातल्या स्पर्धांनीही तो २०२१ मध्ये रद्द केला आहे.

ऑफसाइडवरून ओरडणं

आपल्याकडची अर्धी भांडणं ऑफसाइडची, म्हणजे पास सुटताना आपला माणूस बॉलच्या आणि बचावातल्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढे होता का, याची. गोलच्या मागे किंवा कोपऱ्यात उभं राहून ऑफसाइड दिसतच नाही. बचावातल्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या रेषेत उभं राहिलं तरच कळतं, आणि त्या रेषेसोबत फक्त लाइन्समन पळत असतो. पास सुटला त्या क्षणी आपला माणूस कुठे होता ते पाहायचं, बॉल पायात आला तेव्हा कुठे होता ते नाही. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट बॉल आला तर ऑफसाइड नसतोच. आपल्या अर्ध्या भागात उभा असेल तरी नाही. गाडीत जाताना एवढं पोरांना समजावून सांगा, निम्मा राग गाडीतच जिरतो.

चुन्याच्या रेघेपासून दोन पावलं मागे राहा. दोरी बांधली असेल तर दोरीच्या आत पाय नको. गर्दी आत शिरली तर रेफरीला मॅच थांबवता येते, सोडूनही देता येते. मग निकाल आयोजकांच्या बैठकीत लागतो आणि त्या बैठकीत आपल्या गावचं कोणी नसतं.

तोंड आणि फटाके

शिवीत आई-बहीण आली की समोरचा पेटतो, जात आली की मॅच मॅच राहत नाही. गुन्हा दाखल होतो, दोन गावांचं येणं-जाणं तुटतं, सोयरीक मोडते. आपल्यातल्या कोणाच्या तोंडून जात निघाली तर त्याला तिथल्या तिथे आपणच गप्प करायचं, समोरच्याने करायची वाट पाहायची नाही. याबाबत मी कोणाची गय करत नाही, वयाने मोठा असला तरी.

सुतळी बॉम्ब तर नेऊच नका. मॅचचे दिवस म्हणजे कापसाचे दिवस. घराघरात कापूस भरलेला, मैदानाच्या कडेला कुटाराचे, म्हणजे सुक्या भुशाचे, ढीग. एक ठिणगी पडली तर त्या शेतकऱ्याचं वर्ष गेलं.

पाणी आणि खाणं सोबत ठेवा. चून-भाकर, मुरमुरे, संत्री. पाचला आलूबोंड्याची गाडी रिकामी होते.

भांडण झालंच तर

आपल्या माणसांना विरुद्ध गोलच्या बाजूला घेऊन जा, गाडीकडे नको. गाडीजवळ गर्दी झाली की दगड गाडीवर पडतात. तक्रार फक्त कॅप्टन किंवा मॅनेजरने द्यायची, तीही लेखी, आयोजकांनी ठरवलेल्या वेळेत आणि फी भरून. आमची एक खरी तक्रार फक्त यासाठी गेली की चाळीस जण ओरडत होते आणि कागद कोणी लिहिलाच नाही. तेव्हापासून एक वही आणि पेन मॅनेजरच्या पिशवीत असतो. कोणाला लागलं तर १०८, प्रकरण हाताबाहेर गेलं तर ११२.

परत निघताना

गाडी हलायच्या आधी माणसं मोजा, नाव घेऊन मोजा. आकड्यात एखादा लपतो. एसटीने आला असाल तर मुक्कामी गाडीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. ती गेली की फाट्यावरून पायी येणं आहे, आणि रात्री रस्त्यावर रोही (नीलगाय) अन् रानडुक्कर असतात. ड्रायव्हरला घाई करू नका, त्याला पिऊही देऊ नका.

आणि एक चूक, जी आम्ही त्या शिटीच्या दिवशी केली. येताना साऱ्या वाटेने टायब्रेकर चुकवलेल्या पोट्ट्याला बोललो. तो दुपट्टा तोंडावर घेऊन मागे बसला होता. दुसऱ्या दिवशी आईसोबत कापूस वेचायला गेला, मैदानावर पंधरा दिवस आला नाही. त्याला आणायला शेवटी घरी जावं लागलं. आता चहाला गाडी थांबली की पहिला कप ज्याचा बॉल चुकला त्याच्या हातात देतो आणि बोलणं शेताचं काढतो.