मुरमांच्या ट्रायलवर नवीन लागताय? आधी आरशाजवळची पिशवी मागवा

बी.फार्म झाल्यावर पुण्याला जायचं की बेळगावातच काहीतरी बघायचं यात माझे सात-आठ महिने गेले, शेवटी इथल्याच एका हॉस्पिटलात स्किनच्या नवीन औषधांच्या ट्रायलवर, म्हणजे पेशंटवर औषध तपासून बघतात तिथे, कोऑर्डिनेटर म्हणून लागले. आता चौथं वर्ष. परवा एक ज्युनिअर म्हणाली, ताई मुरमांवर कसलं आलंय रिसर्च, सोपं असेल की. म्हटलं लिहूनच टाकावं.

सोपं नाही. पेशंटचा जीव जायची भीती कमी, एवढंच. कॅन्सरच्या ट्रायलवाले आम्हाला हसतात, हसू देत.

जीसीपी (ट्रायल कशी करायची त्याचे नियम), कन्सेंट (पेशंटची लेखी संमती), फेज (ट्रायलचे टप्पे) हे तुम्हाला माहीत असणार, ते सांगत बसत नाही. इथलं वेगळं काय तर औषध लागू पडलं का हे रक्त तपासून कळत नाही, डॉक्टर चेहऱ्यावरची मुरमं मोजतात. लाल, पू झालेली वेगळी, काळे-पांढरे कोमेडोन वेगळे, आणि वरून आयजीए नावाचा ० ते ४ चा स्केल, ० म्हणजे चेहरा साफ, ४ म्हणजे सगळ्यात वाईट. बहुतेक ट्रायलमध्ये १२ आठवड्यांनी बघतात की चेहरा ० किंवा १ वर आला का, आणि निदान दोन पायऱ्या उतरला का. क्लास्कोटेरॉन क्रीमला २०२० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, जवळजवळ ४० वर्षांनी मुरमांवर नवीन मार्गाने काम करणारं औषध आलं म्हणून गाजलं. त्याच्या दोन मोठ्या ट्रायलमध्ये या हिशोबाने यश किती? १८.४ टक्के आणि २०.३ टक्के. आणि औषध नसलेलं नुसतं बेस क्रीम लावणाऱ्यांत ९ आणि ६.५. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे. फरक एवढा बारीक असतो, म्हणून चुकीचा चेहरा आत घेतला की तो नुसता तुमच्या साइटचा, म्हणजे तुमच्या हॉस्पिटलचा घोळ राहत नाही, सगळ्या ट्रायलचा होतो.

आता माझं. माझ्या पहिल्याच ट्रायलमधली गोष्ट, खानापूरकडची १९ वर्षांची मुलगी, आईबरोबर लाल बसने आलेली. मी फॉर्ममधला प्रश्न जसाच्या तसा विचारला, सध्या कुठलं औषध घेताय किंवा लावताय? "काही नाही." क्रीम? "काही लावत नाही, नुसता साबण." मी लिहिलं, सही केली. मोजणी बसली, आयजीए ३, रँडमायझेशन झालं (औषध की नुसतं बेस क्रीम, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं), ट्यूब दिली आणि ठणकावून सांगितलं की हे सोडून तोंडाला दुसरं काहीही लावायचं नाही.

दोन आठवड्यांनी आली ती तोंडाला ओढणी गुंडाळूनच. चेहरा लालबुंद, आग होतेय, बारीक पुरळ गालभर. आम्ही धरून चाललो की ट्रायलच्या औषधाचीच रिअॅक्शन. डॉक्टरांनी मात्र गाल जवळून बघितले, आणि आईला शांतपणे विचारलं, गोरं व्हायला काय लावत होती? आईने पर्समधून अर्धी पिळलेली ट्यूब काढली. "अहो हे औषध कुठलं, हे तर पावडरच्या आधी लावालती की." स्टँडजवळच्या मेडिकलमधून घेतलेली, चिठ्ठीशिवाय, दोन वर्षं रोज. आत स्टिरॉइड.

हे नीट समजून घ्या, कारण पुस्तकात एका ओळीत असतं आणि इथे सगळं त्याच्यावर अडतं. स्टिरॉइड क्रीमने चेहरा सुरुवातीला गोरा, गुळगुळीत दिसतो, म्हणून पोरी सोडत नाहीत. हळूहळू कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, आणि त्याच क्रीममुळे मुरमंही येतात. बंद केलं की चेहरा पेटतो, मग परत तेच लावायचं. २०१८ मध्ये सरकारने बरीच स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, पण काउंटरवर काय चालतं ते तुम्हीही बघितलंय, आपण फार्मसीवाले आहोत. आमच्या पोरीने "काही लावायचं नाही" हे प्रामाणिकपणे पाळलं आणि तिथेच फसली. मोजलेली मुरमं निम्मी स्टिरॉइडची होती की काय देव जाणे, नंतरचा भडका तर क्रीम सोडल्याचाच, आणि कागदावर सगळं नवीन औषधाच्या नावावर. वॉशआउट, म्हणजे जुनं क्रीम बंद करून काही दिवस थांबणं, नावापुरताही झाला नव्हता. तिला ट्रायलमधून काढलं, प्रोटोकॉल डेव्हिएशन, म्हणजे ट्रायलचा नियम मोडल्याची नोंद, लागलं. ते निस्तरता येतं. पण तिच्या गावातल्या दोघी यायच्या होत्या, त्या आल्याच नाहीत, कारण गावात बातमी गेली की इंजेक्शनवाल्यांनी पोरीचं तोंड जाळलं. इंजेक्शन नव्हतंच कुठे.

ती खोटं बोलली नव्हती. मीच औषध विचारलं होतं, आणि तिच्या लेखी ते औषध नव्हतं.

त्या संध्याकाळी एक सीनिअर म्हणाला, जुन्या तारखेने एक ओळ टाक, "क्रीमबद्दल विचारले, नाकारले", विषय संपला. मी पेन उघडलं होतं, खोटं कशाला सांगू. मग आजचीच तारीख घालून, काय विचारलं, काय कळलं, कुणाकडून कळलं ते लिहिलं. कंपनीकडून कागद तपासायला येणारा मॉनिटर आल्यावर बोलणी खाल्ली, पण अर्ध्या तासात मिटलं. मागच्या तारखेचा शॉर्टकट सांगणारा माणूस कितीही गोड असला, चहा पाजत असला, तरी त्याच्याकडून काम शिकू नका. सही तुमची असते, त्याची नाही.

आता मी औषध हा शब्दच वापरत नाही. फोनवरच सांगते, आरशाजवळ, उशाजवळ, पर्समध्ये जे काय तोंडाला लावायचं असेल ते सगळं पिशवीत घालून आणा, बहिणीचं वापरत असाल तर तेही. मग एकेक ट्यूब फिरवून मागचं बारीक अक्षर वाचते. तोंड धुतल्यावर काय, रात्री काय, लग्नाला जाताना काय, असं विचारते. कन्नडवाल्यांना "मुखक्क एन हच्चतीरि" (तोंडाला काय लावता) विचारलं की भराभर बाहेर पडतं. मुलींना आईसमोर विचारू नका, पाळीसाठी गोळ्या चालू असतात त्या आईसमोर कधीच निघत नाहीत आणि हार्मोनच्या गोळ्यांचा मुरमांशी थेट संबंध. तालमीतल्या, जिममधल्या पोरांना पावडर आणि इंजेक्शन वेगवेगळं विचारा, तेही त्यांच्या लेखी औषध नसतं. वेळ लागतो. एका पेशंटला पाऊण तास गेला की डॉक्टर वैतागतात, वैतागू देत.

भाषेचं एक. आपल्याकडे घरात मराठी आणि शाळा कन्नड अशी पोरं भरपूर. आडनाव बघून मराठी कन्सेंट पुढे करू नका, तो बोलेल मराठी पण वाचेल कन्नडच. कुठलं वाचता येतं ते विचारा, आणि वाचून झाल्यावर त्याच्याच शब्दांत सांगायला लावा. १८ च्या खालचा असेल तर पालकाची सही आणि त्याची स्वतःची संमती, दोन्ही.

बाकी छोट्या गोष्टी कामातच कळतात. बेंझॉइल पेरॉक्साइड असलेल्या औषधाने टॉवेल, उशीचे अभ्रे पांढरे पडतात, मग पेशंट मुरमं मोजणाऱ्या डॉक्टरांपुढेच बोलून जातो की मला खरं औषध मिळालंय, आणि त्यांना तर ते कळायलाच नको. त्याला आधीच सांगा की टॉवेलचं काय ते माझ्याशी बोल. किती वापरलं ते बघायला परत आलेल्या ट्यूबचं वजन करतात, तेव्हा ती न वापरलेली दिसली तर ओरडू नका, ओरडलात तर पुढच्या वेळी बेसिनमध्ये पिळून आणतील. भातकापणीत आणि जत्रेत व्हिजिट चुकणारच, विंडो (व्हिजिट किती दिवस मागेपुढे चालते ते) बघून आधीच तारीख पुढेमागे करा.

लाखभराच्या सर्टिफिकेट कोर्सबद्दल मला विचारू नका, मी तो केलाय आणि अजून हप्ते आठवतात. जीसीपीचं ट्रेनिंग ऑनलाइन फुकटही मिळतं. मला जे येतं त्यातलं निम्मं ओपीडीच्या सिस्टरांनी शिकवलं, त्यांना पेशंट दारातून आत येतानाच कळतं कोण काय लपवतंय.

पहिले सहा महिने रोज वाटेल की आपल्याला जमत नाही. मलाही वाटायचं, बाथरूममध्ये जाऊन रडलेय. क्वेरी, म्हणजे भरलेल्या माहितीवरचे प्रश्न, येतात, येत राहतात, त्याने कुणी नोकरीवरून काढत नाही.

ती खानापूरची पोरगी वर्षभर ट्रीटमेंटला येत होती, ट्रायलमध्ये नाही, साध्या ओपीडीत. चेहरा बराच निवळलाय. मागच्या महिन्यात चुलत बहिणीला घेऊन आली, आणि मी काही बोलायच्या आत तिनेच बहिणीच्या हातातली पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली.