गाडीतील बटणांचा आवाज ठरवताना या चुका टाळा

गाडीतील एखाद्या बटणाचा आवाज सुधारायला सांगितले की नवशिके सर्वप्रथम ते बटणच उघडतात. त्याआधीची चूक म्हणजे हातात धरलेल्या सुट्या स्विचचा खटका ऐकून तो पसंत करणे. स्विचमधील पत्र्याची घुमटी दाबाखाली पालटते तेव्हा बसणारा हादरा सभोवतालच्या पॅनेलपर्यंत पोहोचतो आणि आपल्याला ऐकू येणाऱ्या आवाजाचा बराचसा भाग त्या पॅनेलचाच असतो. तार छेडली तरी घुमतो तो भोपळाच.

हे मी स्वतः चुकूनच शिकलो. दाराची काच वर-खाली करणारा एक स्विच टेबलावर सर्वांना आवडला होता, परंतु दारात बसवताच तो रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा वाजू लागला. आम्ही तीन वेळा स्प्रिंग बदलली आणि प्रत्येक वेळी नव्या नमुन्यांची वाट पाहण्यात आठवडे घालवले. शेवटी एका सहकाऱ्याने, मी स्विच दाबत असताना, शेजारच्या प्लास्टिकवर तळहात घट्ट टेकवला आणि आवाज तत्क्षणी भरीव झाला. स्प्रिंग बिचारी निर्दोष होती. पॅनेलच्या मागे दोन आडव्या फासळ्या आणि स्विचच्या बैठकीखाली फेल्टची पट्टी, एवढ्यावर काम भागले. तेव्हापासून तळहात टेकवून पाहिल्याशिवाय मी पेचकसाला हात लावत नाही.

दुसरी चूक ग्रीसची. आवाज कर्कश वाटला की ग्रीस चोपडायचे, हा घाईत असलेल्यांचा आवडता उपाय आहे आणि मला तो मुळीच मान्य नाही. खोलीच्या तापमानाला तो खटका खरोखरच मऊ होतो. पण थंडीत ग्रीस घट्ट होते, बटण रेंगाळत वर येते आणि आवाज बद्द पडतो. ग्रीस लावायचेच असेल, तर ते बटण रात्रभर शीतकक्षात ठेवून सकाळी, ते ऊबदार होण्यापूर्वी, दाबून पाहावे.

केवळ डेसिबलचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये, कारण आपला कान साधारण 2,000 ते 5,000 हर्ट्झ या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो आणि तेथील बारीकशी किणकिणसुद्धा बटण हलक्या प्रतीचे असल्याची शंका निर्माण करते. बटण सोडतानाचा आवाजही ऐकावा. पुष्कळदा खरी खटखट बटणाची टोपी वर येऊन चौकटीवर आदळते तेव्हाच होते. नवा नमुना ऐकून समाधान मानू नये, हजारो वेळा दाबून झिजलेलाही ऐकावा. टचस्क्रीनवर आवाज बोटाच्या मागून रेंगाळत आला, तर तो कितीही मंजुळ असला तरी निरुपयोगी आहे.

इंडिकेटरची टिकटिक आता अनेक गाड्यांत स्पीकरमधून ऐकवली जाते, म्हणून ती अधिक सुरेल करण्याचा मोह होतो. दिवा मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकतो, तेव्हा सिग्नलपाशी थांबलेल्या चालकाला तो सूर शंभरेक वेळा ऐकावा लागतो. दिवा चालू-बंद करणाऱ्या जुन्या रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचा, जुळतानाचा आणि सुटतानाचा आवाज वेगळा असे; तेवढा फरक राखावा आणि सुरावट जोडू नये. शिवाय अनेक गाड्यांत बल्ब गेल्यावर ही टिकटिक भरभर होते. ती घाई चालकाला स्पष्ट जाणवली पाहिजे, गोडव्यात विरघळता कामा नये.