सर्व्हरवरची फाइल बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये उघडताना

दूरच्या सर्व्हरवर गणिते चालवून संशोधन करणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना मी इमॅक्स या मजकूर-संपादकातली ट्रॅम्प ही सोय आवर्जून शिकायला सांगते. फाइलच्या पत्त्याआधी एसएसएच (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करण्याची पद्धत) आणि सर्व्हरचे नाव लिहिले की तिकडची फाइल आपल्या संपादकात उघडते आणि जतन करताच पुन्हा तिकडे पोहोचते. १९९८ साली सुरू झालेले हे काम पुढे इमॅक्सचाच भाग झाले. मजकुराच्या फायलींपुरते ते इतके सुरळीत चालते की सर्व्हर दूर आहे याचाच विसर पडतो, आणि पीडीएफ बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची वेळ आली की तोच विसर आडवा येतो.

डायर्डमध्ये, म्हणजे इमॅक्समधल्या फायलींच्या यादीत, सर्व्हरवरच्या पीडीएफवर कर्सर ठेवून उद्गारचिन्ह दाबले आणि ‘ओक्युलर’ असे पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव लिहिले, तर ती आज्ञा आपल्या लॅपटॉपवर नव्हे, सर्व्हरवर चालते. तिथे ओक्युलर बहुधा नसतोच. असला तरी खिडकी दाखवायला त्याला डिस्प्ले मिळत नाही आणि तशी तक्रार परत येते. अशा वेळी लॅपटॉपची सेटिंग बदलत बसू नये. आज्ञा कोणत्या यंत्रावर चालली, हे आधी पाहावे.

मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे इमॅक्सच्या लिस्प भाषेतले फाइल-लोकल-कॉपी हे फंक्शन. ते फाइलची तात्पुरती प्रत आपल्या यंत्रावर उतरवते आणि तिचे नाव हाती देते. फाइल मुळातच स्थानिक असेल तर निल (म्हणजे ‘काही नाही’) परत करते, म्हणून ‘ऑर’ (म्हणजे ‘किंवा’) लावून मूळ नाव वापरण्याची तजवीज ठेवावी. मग ते नाव स्टार्ट-प्रोसेस या फंक्शनला द्यावे, कारण ते प्रोग्रॅम आपल्याच यंत्रावर सुरू करते. चालू डिरेक्टरी सर्व्हरवरची असताना स्टार्ट-फाइल-प्रोसेस मात्र तो सर्व्हरवर सुरू करते. प्रत लगेच पुसू नये, कारण प्रोग्रॅमने फाइल वाचेपर्यंत स्टार्ट-प्रोसेस थांबत नाही.

ही प्रत वाचण्यापुरतीच असते. लिब्रेऑफिसमध्ये तक्ता दुरुस्त करून जतन केला, तर बदल त्या प्रतीतच राहतो आणि सर्व्हरवरची फाइल जशीच्या तशी असते. असे काम वरचेवर असेल तर एसएसएचएफएस या साधनाने सर्व्हरची डिरेक्टरी लॅपटॉपवर माउंट करावी, म्हणजे जोडून घ्यावी. मग लिब्रेऑफिसला ती साध्या फोल्डरसारखी दिसते आणि बदल सर्व्हरवर जातात. काम संपल्यावर मात्र ती आठवणीने अनमाउंट करावी, कारण नेटवर्क तुटले तर त्या फोल्डरला हात लावणारा प्रोग्रॅम अडकून राहू शकतो.