हीटिंग चालू, तरी ऑफिसात थंडी? आधी काच मोजा

टोरांटोत जानेवारीत कधी कधी बाहेर उणे 20 असतं, ऑफिसातल्या थर्मोस्टॅटवर 22 दिसतात, आणि खिडकीपाशी बसणाऱ्याची बोटं तरीही गारठलेली. मग सल्ला ठरलेला: सेटिंग वाढवा. अजिबात वाढवू नका. आतल्या रांगेतले घामाघूम होतील आणि खिडकीपाशी कुडकुडणं तसंच राहील.

स्वेटर, जाड मोजे झालेच असं धरतो.

आता मोजमाप. इथे मी दोन हिवाळे वाया घालवले. थर्मोस्टॅट फक्त हवा मोजतो, पण आपलं अंग समोरच्या गार काचेकडेही सतत उष्णता टाकत असतं. साधी दुहेरी काच अशा थंडीत आतून 10 अंशांच्याही खाली जाते. तिला लागून गार झालेली हवा जड होऊन खाली घसरते आणि थेट घोट्यांना लागते. हा झोत म्हणजे बाहेरचा वारा, असं समजून मी चौकटी सिलिकॉननं बुजवत बसलो. फट नव्हतीच! म्हणून आधी टिश्यू पेपरची बारीक पट्टी चौकटीच्या सांध्यापाशी धरा. फडफडली तर फट आहे. तिथे स्थिर राहून काचेच्या तळाशी हलली, तर दोष काचेचा.

मग इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे न टेकवता दुरून पृष्ठभागाचं तापमान दाखवणारा. चकचकीत अॅल्युमिनियमच्या चौकटीवर तो सरळ रोखलात तर आकडा खोटा येणार, कारण धातूत खोलीचीच उष्णता परावर्तित होते. चौकटीवर आणि काचेवर कागदी चिकटपट्टी लावा, दहा मिनिटं थांबा आणि पट्टीवर नेम धरा. हे टाळून घेतलेले आकडे मी मानत नाही.

दोष काचेचा निघाला तर खिडकीखालच्या हीटरवरच्या फायली, कुंड्या, पिशव्या उचला. तिथून वर चढणारी गरम हवाच तो झोत अडवते. टेबल काचेपासून मीटरभर आत घ्या.

टेबलाखालचा छोटा हीटर थर्मोस्टॅटजवळ कधीही लावू नका. थर्मोस्टॅटला वाटतं खोली तापली, आणि बाकीच्यांचं हीटिंग बंद होतं.

डोळे, ओठ कोरडे पडत असतील तर आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास ठेवा. काचेवर पाणी ओघळू लागलं की कमी करा.

एवढं करूनही भागलं नाही तर इमारतीच्या व्यवस्थापनाला लिहा. टोरांटोच्या ओंटारियो प्रांतात बंदिस्त कारखाना-ऑफिसांसाठी किमान 18 अंशांचा नियम आहे, पण 22 दाखवणाऱ्या ऑफिसात त्याचा उपयोग नाही. नुसतं 'थंडी वाजते' लिहू नका. चिकटपट्टीवरचा आकडा, टेबलापाशी हवेचं तापमान, बाहेरचा पारा आणि वेळ लिहा, तीन दिवसांचं.