कर्करोगाची शंका असताना एमआरआय कसा करवून घ्यावा

डॉक्टरांनी एमआरआय सांगितला की इंदूरच्या आपल्या मराठी घरांतून, मग ते रामबागेत असो की सुदामा नगरात, पहिली चौकशी होते ती सवलतीत कुठे होईल याची. त्याआधी हातातली चिठ्ठी नीट वाचावी. तिच्यावर नुसते 'पोटाचा एमआरआय' एवढेच लिहिलेले असेल, तर नेमके काय शोधायचे आहे ते डॉक्टरांना विचारून तोच प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागावा. कारण यकृतातली गाठ कसली आहे, गुदाशयाचा कर्करोग भिंतीत किती खोल गेला आहे आणि प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कोणता भाग संशयास्पद आहे, या तीन प्रश्नांसाठी तपासणीची आखणी तीन तऱ्हांनी करावी लागते. महाग ती तपासणी चांगली, हा समजही इथेच सोडावा. फुप्फुसातल्या गाठीसाठी बहुधा सीटी स्कॅनच अधिक उपयोगी पडतो.

दिवस ठरवताना घाई नसेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या स्तनांचा एमआरआय पाळीच्या साधारण ७ व्या ते १४ व्या दिवसांत करणे बरे, कारण एरवी निरोगी भागही तपासणीसाठी शिरेतून दिलेले औषध शोषून उजळ दिसू शकतो. प्रोस्टेटची बायॉप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी, नुकतीच झाली असेल, तर आत साकळलेले रक्त चित्रात फसवते, म्हणून बहुधा सहा आठवडे थांबतात.

गाठीची तपासणी पुष्कळदा शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देऊन केली जाते. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड कसे काम करते ते दाखवणारा, रक्तातील क्रिएटिनिनचा अलीकडचा रिपोर्ट बरोबर न्यावा. मूत्रपिंडाचा जुना आजार, पूर्वी अशा औषधाची आलेली ॲलर्जी किंवा गर्भारपण, यांतले काहीही असेल तर ते नाव नोंदवतानाच सांगावे. उपाशी यायचे का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

आता धातूविषयी, आणि इथे थोडे रेंगाळावेच लागेल. बहुतेक मशीन १.५ किंवा ३ टेस्लाची असतात (टेस्ला हे चुंबकत्व मोजायचे एकक), १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट, आणि खोलीत कोणी नसले तरी ते चुंबकत्व चालूच असते. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, ऐकू येण्यासाठी कानात बसवलेले कॉक्लिअर इम्प्लांट, वेल्डिंगच्या कामात डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, हे सारे आधी सांगावे आणि बसवलेल्या वस्तूचे कार्ड दाखवावे. माझ्या आत्याला मी देवासहून तपासणीसाठी आणले होते तेव्हा मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, चमकी सारे तिने काढून माझ्या रुमालात बांधून दिले, आणि तरीही दाराशी धातू शोधणारे यंत्र तिच्या खांद्यापाशी वाजले. गाऊनच्या आत ब्लाउज तसाच होता आणि त्याला पदराची सेफ्टी पिन. फॉर्म भरून घेताना पिनेचे कोणी विचारलेच नव्हते, आणि आम्हालाही सुचले नव्हते. जोडवी चांदीची आहेत, चुंबकाला चिकटत नाहीत, असा वाद घालू नये. चांदीही रेडिओलहरींनी तापू शकते. जानव्याला बांधलेली किल्लीही पाहून घ्यावी.

आत गेल्यावर काम एकच, न हलणे. मशीन शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजन अणूंना रेडिओलहरींनी हलवून त्यांचा परत येणारा संकेत टिपते. यात क्ष-किरण नसतात. पेशींनी दाटलेल्या गाठीत पाण्याच्या रेणूंना फिरायला जागा कमी असते, म्हणून एका खास प्रकारच्या चित्रात ती उजळ दिसते, मात्र पू भरलेली गाठही तशीच दिसू शकते. तपासणी अर्धा ते एक तास चालते आणि तेवढा वेळ कधी ठकठक, कधी ड्रिलसारखी घरघर ऐकू येत राहते, म्हणून कानातले बोळे मागून घ्यावेत. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगावे. हातात दिलेला रबरी फुगा दाबला की माणसे बाहेर काढतात. यकृताच्या तपासणीत मध्येच "साँस रोकिए" असा आवाज येतो. घरातल्या वृद्धांना हा हुकूम आदल्या दिवशी दोन-चार वेळा करून दाखवावा, नाहीतर दचकून श्वास घेतला जातो आणि चित्र पुसट येते.

रिपोर्ट हाती आला की खालची दोन ओळींची निष्कर्षाची जागा वाचून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरावा. प्रोस्टेटसाठी पायरॅड्स १ ते ५ असा अंक असतो, स्तनासाठी बायरॅड्सचा. ४ किंवा ५ म्हणजे शंका दाट आहे, कर्करोग ठरला असे नव्हे. ते बहुतेक वेळा बायॉप्सीतला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते, आणि सुई नेमकी कुठे घालायची हे सांगणे ही एमआरआयची मोठी मदत. त्यामुळे 'एमआरआय झाला, आता बायॉप्सी कशाला' असे म्हणून ती टाळू नये. उलट रिपोर्ट साफ आला तरी हाताला लागणारी गाठ तशीच असेल, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवावी.

रिपोर्टाबरोबर चित्रांची सीडी मागून घ्यावी. फिल्मवर निवडक चित्रे असतात, सीडीत सगळी. पुढे उपचार मुंबईला किंवा इंदुरातच दुसरीकडे घ्यायचे झाले, तर तिथला रेडिओलॉजिस्ट आधी तीच मागेल.