मुलाच्या हाती फोन देण्याआधी

पाच-सहा वर्षांच्या मुलाला यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स द्या. मात्र ॲप नुसतं डाउनलोड करून भागत नाही. पालकांच्या सेटिंगमध्ये मुलाच्या प्रोफाइलला फक्त तुम्ही मंजूर केलेले व्हिडिओ दिसतील असा पर्याय निवडा. त्यामुळे सर्चही बंद होतो. ऑटोप्ले बंद करा.

अँड्रॉइडच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये ॲप पिनिंग, म्हणजे फोन एकाच ॲपवर अडकवून ठेवण्याची सोय, सुरू करा आणि बाहेर पडताना पिन मागण्याचा पर्यायही लावा. बहुतेक घरांत नेमकं हेच राहून जातं, आणि मूल सहज व्हॉट्सॲपवर पोहोचतं. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी हवी. यूपीआय पिन मुलासमोर टाकू नका. मुलं आकडे पटकन टिपतात.

अनोळखी कुणी त्रास देत असेल, तर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, मेसेज पुसू नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मुलाला मात्र रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.