गिटारच्या काठाला शिंपल्याची किनार : या चुका टाळा

लातूरला आमच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे. तिथंच मी गिटार बनवतो. पहिल्यांदा अबलोनी या रंगीत चमकीच्या समुद्री शिंपल्याची पट्टी बसवायला घेतली ती नेमकी मे महिन्यात. दारात कूलर लावला होता, वाळ्याचा वास सुटला होता, घाम येत नव्हता, हात थरथरत नव्हता. चार दिवस खपून पट्टी बसवली. नख फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. गिटार खाली हॉलमध्ये आणून ठेवली आणि लग्नासाठी आठ दिवस गावाला गेलो. परत येऊन बघतो तर खालच्या टोकाला, पट्टा अडकवायच्या खुंटीजवळ, तीन तुकडे खवल्यासारखे वर आलेले.

मी शिंपला विकणाऱ्याला शिव्या घालत बसलो होतो. तेवढ्यात दार दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रींनी गिटार हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "सर, लाकूड हलायलंय, शिंपला हलंना. मग कोण उचकटंल?"

या कामातल्या बहुतेक चुका या एका वाक्यात बसतात. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडू आणि संगमरवर ज्याचे बनतात तेच. हवा दमट असो की कोरडी, त्याला फरक पडत नाही. गिटारची पुढची फळी मात्र स्प्रूस या मऊ लाकडाची. ती लाकडातल्या रेषांच्या आडव्या दिशेनं फुगते आणि आकसते, लांबीच्या दिशेनं जवळपास नाही. ड्रेडनॉट या मोठ्या घाटाच्या गिटारचा खालचा भाग ४० सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. तेवढ्या रुंदीची मोकळी फळी श्रावणातल्या ओलीत आणि मेच्या कोरड्या हवेत ठेवून मोजली, तर तीनेक मिलिमीटरचा फरक सहज दिसतो. माझी फळी कूलरच्या ओल्या वाऱ्यात फुगलेली होती आणि हॉलमध्ये आल्यावर आकसली. तळाशी पट्टी रेषांना आडवी जाते, म्हणून दाब तिथं आला. कमरेशी, म्हणजे गिटार मधे आत वळते तिथं, ती रेषांच्या बाजूनं जाते. तिथं काहीच झालं नाही.

तेव्हा पहिली चूक पट्टीला हात लावायच्या आधीच होते. कूलरच्या झोतात काम करू नका. दोन-चारशे रुपयांचा हायग्रोमीटर भिंतीला टांगा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मधे असेल तेव्हाच खाच मारा, तेव्हाच पट्टी बसवा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी काटा २० च्या खाली गेलेला मी बघितलाय, आणि पावसाच्या झडीत ८० च्या वर. मी आता ही कामं दसऱ्यानंतर काढतो. ज्यांना थांबणं शक्य नाही त्यांनी खोली बंद ठेवावी. कोरड्या दिवसांत आत ओलं फडकं टांगावं, पावसाळ्यात गिटार सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद पेटीत ठेवावी आणि कामापुरतीच बाहेर काढावी.

पट्टी आधी, खाच नंतर

दुसरी चूक उत्साहाची. लोक खाच आधी मारतात आणि मग पट्टी मागवतात. बाजारात मिळणारी पट्टी साधारण १.५ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच किंवा थोडी कमी जाड असते, पण "साधारण" या शब्दावर खाच मारता येत नाही. पट्टी हातात घ्या, व्हर्नियरनं दहा ठिकाणी मोजा. पुढच्या फळीचा घेर दीड मीटरच्या आसपास भरतो. त्यावर किमान पाचवा हिस्सा जास्त मागवा, कारण तुकडे मोडणार आणि काहींचा रंग शेजाऱ्याशी जुळणार नाही. पूर्ण शिंपल्याची किनार हे मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीच्या ४५ स्टाइलचं जुनं लक्षण. त्यातली डी-४५ गिटार पहिल्यांदा १९३३ साली गायक जीन ऑट्रीसाठी बनली आणि १९४२ पर्यंत अवघ्या ९१ बनल्या. आपल्याला पहिल्याच फटक्यात बाजू, पाठ, सगळीकडे चमक हवी असते. नको. आधी साउंडहोलभोवतीचं एक कडं करा, मग पुढचा काठ. पाठीचं तिसऱ्या गिटारला बघू.

ट्रिमर या लाकूड कोरायच्या छोट्या यंत्रानं खाच मारताना माझ्याकडून झालेली चूक अशी : पुढची फळी सपाट नसते, तिला किंचित फुगवटा असतो. ट्रिमरचा तळ त्या फुगवट्यावर टेकवला की यंत्र तिरकं होतं आणि खाच एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ येते. टेकू फळीचा नको, बाजूच्या उभ्या भिंतीचा हवा. शिवाय फळीचा काठ गोल असल्यामुळे चारांपैकी दोन भागांत पातं रेषांच्या उलट जातं आणि स्प्रूसची चिरफळी निघते. त्या भागांत उलट्या दिशेनं, अगदी हलक्या हातानं, दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं काढा.

टेफ्लॉनची पट्टी

शिंपला थेट खाचेत बसवू नका. आधी त्याच मापाची टेफ्लॉनची पट्टी बसवायची. बाहेरून आत क्रम असा : बाइंडिंग (काठाची सगळ्यात बाहेरची पट्टी), काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या रेघा, टेफ्लॉन, पुन्हा रेघा, मग फळी. सगळं एकदम गोंदानं चिकटवायचं आणि टेपनं आवळायचं. टेफ्लॉनला गोंद धरत नाही. वाळल्यावर टोक पकडून ओढलं की ती किंचित ताणते, बारीक होते आणि मागे स्वच्छ, सरळ भिंतींची खाच सोडून निघून येते.

इथं माझी एक मजेदार फजिती झाली. टेफ्लॉन वेगळी मागवायला नको म्हणून एमआयडीसीजवळच्या गॅस्केटच्या दुकानातून शीट आणली आणि पट्ट्या कापल्या. गोंद वाळला आणि पट्टी निघेना. चिमट्यानं ओढली तर रेघ पण सोबत आली. नंतर कळलं की टेफ्लॉनच्या काही शीट एका बाजूनं रसायनानं खरवडलेल्या असतात, मुद्दाम गोंद धरावा म्हणून. ती बाजू तपकिरी दिसते. शीट घेताना दोन्ही बाजूंनी दुधासारखी पांढरी आहे ना बघा. घरी आल्यावर एक तुकडा फेव्हिकॉलनं फळकुटाला चिकटवूनही बघा.

टेफ्लॉन शिंपल्यापेक्षा अरुंद असेल तर शिंपला खाचेत जाणार नाही. मग माणूस हातोडीकडे बघतो. उदगीरच्या पलीकडे बिदरला चांदीची तार ठोकून खाचेत बसवतात, ती जमते कारण चांदी मऊ असते, ठोकली की पसरून खाच भरते. शिंपला ठोकला की चुरा. उलट टेफ्लॉन जास्त जाड असेल तर शिंपला खोल बसतो आणि घासताना शेजारचं लाकूड खाली आणावं लागतं. शिंपला फळीच्या वर नखाला जेमतेम लागेल इतकाच राहावा.

वाकवायचा नाही, मोडायचा

तानपुऱ्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या आपण बघितलेल्या असतात. त्या आज बहुतेकदा सेल्युलॉइड किंवा प्लास्टिकच्या असतात, गरम केल्या की वाकतात. तेच डोक्यात ठेवून कुणी शिंपला उकळतं, कुणी हीटगन लावतं, कुणी रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवतं. व्हिनेगरनं तो मऊ पडल्यासारखा वाटतो खरा, कारण तो विरघळत असतो. सकाळी वरची झळाळी गेलेली असते.

खरी रीत अगदी सोपी आणि थोडी अंगावर काटा आणणारी आहे. पट्टी खाचेवर धरायची, एक टोक आत बसवायचं आणि वळणावर बोटानं दाबायचं. ती कट्कन मोडते, तिला हवी तिथंच. मोडलेला तुकडा लगेच त्याच जागी बसवायचा. सरळ भागात तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे चालतात, कमरेच्या वळणावर एक-दीड सेंटिमीटरपेक्षा मोठा तुकडा ठेवू नका. लांब तुकडा बसला तरी वळणावर तो धनुष्याच्या दोरीसारखा सरळ, ताठ राहतो आणि बाजूला काळी फट दिसते. थर चिकटवून केलेली पट्टी जरा जास्त वाकते, पण कंबर तीही झेलत नाही.

सांधे कापून चौकोनी करण्याचा मोह आवरा. अबलोनीत मुळातच वेड्यावाकड्या गडद रेघा असतात. मोडलेला तिरपा सांधा त्यांत हरवून जातो, कापलेला सांधा फूटपट्टीवरच्या खुणेसारखा उठून दिसतो. कापायचं ते फक्त कोपऱ्यांवर, कटअवेच्या (मानेजवळ आत कापलेल्या भागाच्या) टोकाला किंवा फ्रेटबोर्डच्या शेजारी, ४५ अंशात. त्यासाठी सराफ्यात सोनारांच्या हत्यारांचं दुकान गाठा आणि पातळ पात्याची करवत घ्या. सोनारांचा बारीक चिमटाही तिथंच मिळतो, आणि तो गिटारच्या कुठल्याही महागड्या हत्यारापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

रंग जुळवायचे ते खिडकीतल्या उजेडात, पट्टी पाण्यानं ओली करून. ट्यूबलाइटखाली हिरवा दिसलेला तुकडा उन्हात गुलाबी निघतो. तुकडा न जुळल्यास टाकून देण्याआधी उलट टोकानं फिरवून बघा. शिंपल्याची चमक दिशेप्रमाणे बदलते, अनेकदा तेवढ्यानं काम होतं.

गोंद आणि डाग

तुकडे कोरडेच, सगळे, पूर्ण घेराला बसवून झाले की मग गोंद. इथं फेविक्विकच्या जातीचा अगदी पातळ गोंद लागतो, जो बाजूनं सोडला की आपोआप आत ओढला जातो. हाच ओढला जाण्याचा गुण स्प्रूसचा वैरी आहे. उघड्या स्प्रूसमध्ये तो रेषांतून दोन-तीन मिलिमीटर आत शिरतो आणि पिवळट डाग पाडतो. हा डाग घासून जात नाही, पॉलिश केल्यावर आणखी गडद होतो. म्हणून फळीचा पृष्ठभाग आधीच चपडा लाखेच्या पातळ हातानं बंद करून घ्या. टेफ्लॉन काढल्यावर रिकाम्या खाचेच्या भिंतींनाही बारीक ब्रशनं लाख लावा. टेफ्लॉन बसवायच्या आधी भिंतींना लाख लावली तर रेघांचा गोंद धरणार नाही, तेव्हा क्रम चुकवू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते, म्हणून काळ्या रेघांचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो का, हे फळकुटावर तपासलेलं बरं. माझ्या एका गिटारच्या काठाला काजळ फुटल्यासारखं झालंय ते याचमुळे.

हा गोंद हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, हे आपल्या भागात विसरून चालत नाही. मेमध्ये तो लवकर वाळत नाही. माणूस वैतागून ॲक्टिव्हेटरचा फवारा मारतो, आणि गोंद फसफसून पांढरा पडतो. पावसाळ्यात उलट : नळीच्या टोकाशीच घट्ट होतो आणि आजूबाजूला पांढरी भुरी धरते. फवारा टाळाच. एका वेळी एक थेंब, पाच-सहा मिलिमीटरच्या अंतरानं, आणि एका रात्रीची विश्रांती. बाटली उघडताना खिडकीही उघडा, या वाफेनं डोळे कांद्यापेक्षा जास्त चुरचुरतात.

घासताना

बोटाखाली पॉलिश पेपर धरून घासणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. शिंपला टणक, स्प्रूस मऊ. बोट शिंपल्यावरून घसरतं आणि शेजारचं लाकूड खातं. हाताला काही कळत नाही, पण लॅकरची चमक आली की किनारीच्या आतल्या बाजूला नालीसारखी खळी दिसते. सागवानी ठोकळ्याला पेपर चिकटवा, २२० नंबरच्या पेपरपासून सुरू करा, ४०० ला थांबा आणि अंधार करून टॉर्च आडवी धरून बघत राहा. शिंपला फळीच्या पातळीला आला की तिथंच थांबायचं. थरांची पट्टी असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तिचे थर कागदासारखे पातळ असतात. वरचा थर घासला गेला की खालून वेगळीच नक्षी निघते.

बाजू रोजवूडच्या असतील तर जांभळट भुकटी स्प्रूसमध्ये भरते. ती स्पिरिटच्या फडक्यानं पुसू नका, रंग सुटून पसरतो. ब्रशनं झटका, व्हॅक्यूमनं ओढून घ्या. शिंपल्याची भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नका, एन-९५ मास्क बांधा आणि करवत चालवताना पाण्याचे थेंब सोडत राहा. मास्क मी पहिल्यांदा गंभीरपणे घेतला नव्हता. आठवडाभर खोकत होतो.

बिघडलंच तर

तळाशी तुकडे उचकटले असतील तर गिटार ओलीत बनली आणि आता कोरडी पडलीय. तळाच्याच सांध्यांत फटी पडल्या असतील तर उलट, कोरड्यात बनली आणि फुगलीय. दोन्ही वेळा आधी गिटार पंधरा दिवस ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवा, मग दुरुस्तीला हात घाला. मी पहिल्या गिटारला लगेच नवे तुकडे बसवले आणि आषाढात त्यांच्या बाजूला फटी पडल्या.

केसाएवढ्या फटीला शिंपल्याची भुकटी भरू नका, ती खडूसारखी पांढरी दिसते. काळ्या रेघेच्या बाजूला एबनी या काळ्या लाकडाची भुकटी आणि त्यावर पातळ गोंदाचा थेंब. दोन तुकड्यांमधल्या फटीत गडद रंग मिसळलेलं इपॉक्सी. ते अबलोनीच्या नैसर्गिक रेघेसारखं मिसळून जातं.

एखादा तुकडा काढायचाच असेल तर पटाशी फळीवर टेकवून उपटू नका, स्प्रूसचा काठ दबतो. ॲसिटोननं गोंद सुटतो, पण बाइंडिंग प्लास्टिकचं असेल तर तेही विरघळतं. तुकड्याच्या मधोमध बारीक ड्रिलनं दोन-तीन भोकं पाडा, सुईच्या टोकानं आतल्या दिशेनं मोडा आणि चिमट्यानं कण कण उचला. उरलेल्या गोंदाला सोल्डरिंगच्या बारीक टोकाची क्षणभर ऊब दिली की तो मऊ पडतो आणि खरवडून निघतो. खाचेच्या भिंतींना पुन्हा लाख लावा. नवा तुकडा आधी कोरडा बसवून बघा, खिडकीपाशी नेऊन.